चकाकीखालचा थर

दृश्य : नाशिकची सातपूर एमआयडीसी. बेंचवर ३१६एल स्टेनलेस स्टीलच्या नळीचे दोन तुकडे.

दोन्ही तुकडे एकाच नळीचे. दोन्हींत तोंड दिसेल इतकी चकाकी. पहिल्यावर ग्राइंडर दाबून चालवला आणि वर बफ मारला. दुसरा हलक्या हाताने घासून इलेक्ट्रोपॉलिश केला, म्हणजे आम्लात वीज सोडून त्याचा वरचा थर विरघळवला. खोलीतल्या पाण्यात दोघांत फरक पडायला वर्षं लागतील. पण तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांसारख्या उकळत्या पाण्याच्या भट्टीत पाणी साधारण २८५ अंशांवर, ७० बार दाबाखाली असतं. तिथे पोलादाची पाण्याशी सतत प्रक्रिया चालते आणि पृष्ठभागावर ऑक्साइडचे दोन थर बसतात : आत क्रोमियमचा दाट, बाहेर लोहाच्या मोठ्या कणांचा. आतला थर अखंड राहिला, तर नळी टिकते.

दृश्य : ग्राइंडरच्या ठिणग्या. धातूवर पिवळा-निळा पट्टा.

हा निळा पट्टा नीट पाहा. चाक दाबलं की वरचा पातळ थर तापतो, फुगू पाहतो. खालचा थंड धातू त्याला फुगू देत नाही. मग तो चेपला जातो आणि निवताना आखडतो. परिणामी पृष्ठभाग कायमचा ताणलेला राहतो. शिवाय घासण्याने धातूचे कण चिरडले जातात. मूळ धातूची कठीणता १६० विकर्सच्या आसपास, तर या थराची ३०० च्याही वर जाऊ शकते. थर काही दहा मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. ताण, कठीण थर आणि पाण्यातला ऑक्सिजन किंवा क्लोराइड एकत्र आले की बारीक तडा सुरू होतो.

बफ हा थर काढत नाही, झाकतो. खडबडीतपणा मोजणारं यंत्र ०.२ मायक्रॉन दाखवेल, पण खालच्या ताणाबद्दल ते काहीच सांगत नाही. ड्रॉइंगवर फक्त आरए, म्हणजे सरासरी खडबडीतपणा, लिहून भागत नाही, असं आमचं ठाम मत आहे.

याची दुसरी बाजूही आहे. वाफेच्या नळ्या आतून मुद्दाम छर्‍यांनी ठोकतात. ठोकलेल्या थरातून क्रोमियम लवकर वर येतं आणि संरक्षक ऑक्साइड चांगला बसतो. पण छर्‍यांनी पृष्ठभाग दाबला जातो, ग्राइंडरने ताणला जातो. धातू चिरडलाय एवढ्यावरून निकाल देता येत नाही.

दृश्य : आम्लाची टाकी, वीज आणणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या (बसबार).

घासायचा क्रम असा. दाण्याचा नंबर १२०, मग १८०, मग २४०; नंबर वाढतो तसा दाणा बारीक. प्रत्येक वेळी दिशा बदलायची आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर घ्यायचा नाही. त्यानंतर तेल-ग्रीस धुवायचं. वेल्डच्या निळ्या डागावर नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाची पिकलिंग पेस्ट, म्हणजे डाग विरघळवणारी पेस्ट, लावायची. निफाडकडच्या थंडीत, पारा दहाच्या खाली असताना, ती फारच हळू काम करते. जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, आधी कोमट करावा. हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून आत शिरतं, म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल तर काम सुरूच करू नये.

इलेक्ट्रोपॉलिशमध्ये जॉब धन टोकाला, फॉस्फोरिक-सल्फ्युरिकच्या गरम मिश्रणात. ३० अँपिअर प्रति चौरस डेसिमीटरला दहा मिनिटांत ढोबळमानाने ४० मायक्रॉन धातू निघतो. चूक नेमकी इथेच होते. तीन मिनिटांत चकाकी येते, जॉब बाहेर काढला जातो आणि चिरडलेला थर तसाच राहतो. घड्याळावर विसंबू नका, आधी आणि नंतर वजन करा. पृष्ठफळ आणि घनता माहीत असली की किती मायक्रॉन गेले ते निघतं.

दृश्य : नळीवर निळं द्रावण.

साध्या लोखंडावर वापरलेला तारेचा ब्रश इथे फिरवला असेल, तर लोहाचे कण रुतून बसतात. ते शोधायला मोरचुदाचं आम्लमिश्रित द्रावण लावून सहा मिनिटं ओलं ठेवा. तांबूस ठिपका उठला तर पिकलिंग पुन्हा. वाइनच्या टाकीवर, म्हणजे अन्नाला लागणार्‍या भागावर, ही चाचणी करू नये.

शेवटचं धुणं बोअरच्या पाण्याने नको, डीएम, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याने. नळी पूर्ण सुकवायची आणि दोन्ही तोंडांना लगेच प्लास्टिकची टोपी लावायची.