बेटांची सफर: आधी नकाशा, मग जहाज

नमस्कार श्रोतेहो. कॅरिबियन बेटांची जहाजावरची सफर, बहुधा सात रात्रींची, हा आजचा विषय. ही सफर ठरवताना लोक आधी जहाज पाहतात. पोहण्याचे तलाव किती, घसरगुंडी केवढी, सज्जा आहे की नाही. आमचं आग्रहाचं सांगणं असं की आधी नकाशा उघडा आणि महिना बघा. तुमची सुट्टी कशी जाणार, हे बरंचसं वारा ठरवतो.

अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ सर्वांत धोक्याचा. या दिवसांत भाडं कमी असतं, त्याचं कारण हेच. जहाज वादळात शिरत नाही, वाट बदलतं. पण मग ज्या बेटासाठी तुम्ही ही सफर घेतली ते बेट गळतं आणि दुसरंच बंदर पदरी पडतं. तशी मुभा कंपनीने करारात आधीच घेतलेली असते. सुट्टी सप्टेंबरातच मिळत असेल तर दक्षिणेचा मार्ग घ्या. अरुबा, बोनेर आणि कुरसाव ही बेटं 12 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत, तिथवर चक्रीवादळं क्वचितच पोचतात.

डिसेंबर ते एप्रिल हवा कोरडी आणि सुखाची, पण वाऱ्याचा जोर जास्त. इथे व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर लाटा आपटतात आणि पश्चिमेला आडोसा मिळतो. पोहायला, पाण्याखालचे मासे बघायला पश्चिमेचा किनारा निवडावा तो यासाठी. सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ वसंतापासून उन्हाळ्याअखेरपर्यंत ढिगांनी वाहत येतं, तेही मुख्यतः पूर्वेकडच्या वाळूवर.

हिवाळ्यात कधी उत्तरेकडून थंड हवेची लाट येते आणि हे गणित उलटतं. ग्रँड केमनचं जॉर्ज टाउन बंदर पश्चिमेला आहे. तिथे मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. जहाज खोल पाण्यात थांबतं आणि टेंडर म्हणतात त्या लहान बोटींतून प्रवासी किनाऱ्यावर जातात. वारा वायव्येचा झाला की या बोटी जहाजाला टेकवणं धोक्याचं होतं. मग जहाज दक्षिण किनाऱ्यावरच्या स्पॉट्स इथे जातं, नाहीतर ते बेट सोडून पुढे निघतं. म्हणून सफर घेताना प्रत्येक बंदरापुढे ‘टेंडर’ लिहिलंय का ते पाहा. आई-वडील चाकाच्या खुर्चीवर असतील तर हा शब्द फार महत्त्वाचा. हलत्या बोटीत खुर्ची चढवू देतीलच असं नाही.

आता केबिन. जहाज पुढे-मागे झुलतं ते सी-सॉच्या फळीसारखं. टोकाला झोका मोठा, मध्यावर लहान. जितकं वर जाल तितकं डुलणंही वाढतं. जहाजाच्या दोन्ही कुशींना पाण्याखाली पंखांसारखी पाती असतात. ती आडवं डुलणं कमी करतात, पुढे-मागे झुलण्यावर त्यांचा फारसा उपाय चालत नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावरची, मध्यभागची खोली घ्यावी. सगळ्यांत वरची, पुढच्या टोकाची सज्जावाली खोली चित्रात सुंदर दिसते, पण उलटीचा त्रास तिथेच जास्त.

औषधाचं एकच सूत्र: त्रास होण्याआधी घ्या. मेक्लिझीनची गोळी जहाज हलण्याच्या तासभर आधी घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. कानामागे लावायची स्कोपोलामीनची पट्टी किमान चार तास आधी लावावी, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. मळमळ वाटू लागली तर खोलीत पडून राहू नका. मधल्या डेकवर मोकळ्या हवेत या आणि क्षितिजावर नजर ठेवा.

निघण्याच्या बंदरी आदल्या दिवशीच पोचा. विमान चुकलं तर जहाज थांबत नाही. सफर अमेरिकेतून सुरू होऊन तिथेच संपणार असेल तर परतताना पुन्हा प्रवेश करावा लागतो, म्हणून अनेक प्रवेशांचा व्हिसा हवा. मोठं सामान खोलीत यायला संध्याकाळ होऊ शकते. पासपोर्ट, रोजची औषधं, चष्मा आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर तो अडवणारी सोय) असलेली विजेची पट्टी घरीच राहू द्या, तपासणीत काढून घेतात. जहाजावरच्या विजेची जोडणी घरापेक्षा वेगळी असते आणि असल्या पट्टीमुळे आग लागू शकते.

पहिल्याच दिवशी आणीबाणीची कवायत असते. 2012 साली कोस्टा कॉन्कॉर्डिया हे प्रवासी जहाज बुडालं, त्यानंतर नियम कडक झाले. ही कवायत जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणीच व्हावी लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा मुलांनाही पाठ करून द्या. आपली जमण्याची जागा जिन्याने चालत जाऊन बघा, कारण आगीच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते.

सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो घड्याळाचा. मेक्सिकोचं कोझुमेल बेट वर्षभर एकच वेळ पाळतं. मायामीचं घड्याळ मार्च ते नोव्हेंबर एक तास पुढे असतं, आणि तिथून निघालेलं जहाज बहुधा मायामीचीच वेळ चालवतं. तुमचा फोन बेटावर उतरताच स्थानिक वेळ धरतो. फोनवर चार वाजलेले दिसतात तेव्हा जहाजावर पाच वाजलेले असतात! साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि त्याच्यावरच विश्वास ठेवा. सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी सगळ्यांनी परत चढायचं असतं. कंपनीची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा कंपनी तुमची पुढची सोय करते. स्वतः ठरवलेल्या टॅक्सीसाठी कुणी थांबत नाही, तेव्हा निदान दोन तास हाताशी ठेवून परतायला निघा. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर त्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो. उतरण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.

किनाऱ्यावर मॅन्चिनील नावाचं झाड असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारख्या फळांचं. फळ खाऊ नका, चीक अंगाला लागू देऊ नका, पावसात त्याच्या आडोशाला उभेही राहू नका. पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही कातडीला फोड येतात. पुष्कळ ठिकाणी खोडावर लाल पट्टा मारलेला असतो, पण सगळीकडे नाही. यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनवर 2020 पासून बंदी आहे, कारण त्यांनी प्रवाळाला इजा होते. झिंक ऑक्साइडचं घ्या आणि दर दोन तासांनी लावा. बार्बाडोस आणि जमैकात लष्करी नक्षीचे कपडे घालणं बेकायदा आहे, लहान मुलांनासुद्धा.

जहाजावर पोटाची साथ पसरते ती बहुधा नोरोव्हायरसची. दाराशी ठेवलेलं सॅनिटायझर त्याच्यावर नीट चालत नाही. जेवणाआधी साबणाने वीस सेकंद हात धुवा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट बंदरातच हाती येतात. सकाळी घालायचे कपडे, बूट आणि पासपोर्ट आधी बाजूला काढा, मगच बॅगेला कुलूप लावा.