अर्धशिशी, की दुसरेच काही?

श्रोतेहो, नमस्कार. डोके दुखू लागले की बाम, सुंठीचा लेप आणि कडक चहा यांची योजना प्रत्येक घरात होतच असते. त्याविषयी मी निराळे सांगत नाही. आजचा विषय आहे अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, आणि मायग्रेनसारखी भासणारी इतर दुखणी.

मायग्रेनमध्ये डोके बहुधा एका बाजूने ठणकते, जिना चढला तरी ठणका वाढतो, मळमळते, उजेड व आवाज सोसवत नाही, आणि औषध न घेतल्यास हे ४ ते ७२ तास चालते. ताणाच्या डोकेदुखीत दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखे वाटते, पण उलटी होत नाही. ‘सायनसमुळे डोके दुखते’ असे समजणाऱ्या बहुतेकांना प्रत्यक्षात मायग्रेनच असते, असे अमेरिकेतील २००४ सालच्या एका मोठ्या पाहणीत आढळले होते.

आता एका आजींची हकीकत सांगतो. त्यांना तरुणपणापासून अर्धशिशी होती. नातीच्या हळदीच्या संध्याकाळी त्यांचे डोके डाव्या बाजूने दुखू लागले आणि उलट्या सुरू झाल्या. घरच्यांनी नेहमीप्रमाणे खिडक्या लावून त्यांना अंधाऱ्या खोलीत निजवले. एरवी अंधारात त्यांना उतार पडे. त्या दिवशी मात्र दुखणे वाढतच गेले. रात्री थोरल्या सूनबाईंनी पाणी देण्यासाठी दिवा लावला, तेव्हा आजी म्हणाल्या, “अगं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत मला.” सूनबाईंनी निरखून पाहिले, तर डावा डोळा लालभडक झालेला. त्या तडक आजींना घेऊन माझ्याकडे आल्या. मिटल्या पापणीवरून चाचपले असता तो डोळा दगडासारखा टणक लागला. बाहुली मोठी झालेली होती आणि टॉर्चच्या प्रकाशानेही आक्रसत नव्हती. तो काचबिंदूचा, म्हणजे डोळ्यातील द्रव तुंबून दाब एकाएकी वाढण्याचा, तीव्र झटका होता. अंधारात बाहुली विस्फारते आणि ज्या डोळ्यातील द्रव बाहेर जाण्याची वाट मुळातच अरुंद असते, तेथे ती वाट पूर्ण बंद होऊ शकते. म्हणजे ज्या अंधाराने मायग्रेनला आराम पडतो, त्यानेच येथे अपाय होतो. आजींना रात्रीच नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले, औषधांनी दाब उतरवला गेला आणि नंतर लेसरने द्रवासाठी नवी वाट करण्यात आली. लग्न हुकले, पण दृष्टी वाचली.

पुन्हा सांगतो: डोकेदुखीबरोबर डोळा लाल झाला, अंधुक दिसू लागले किंवा दिव्याभोवती कडी दिसली, तर अंधारात पडून राहू नये, त्याच रात्री डॉक्टर गाठावा. डोके क्षणार्धात असह्य दुखू लागले, तापाबरोबर मान ताठरली, किंवा पन्नाशीनंतर नव्याने डोके दुखू लागून घास चावताना जबडाही दुखला, तरीही थांबू नये. आणि ज्यांना खरोखरच मायग्रेन आहे, त्यांनी साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा त्याहून अधिक दिवस, असे महिनोन्महिने घेऊ नयेत, कारण पुढे त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते.