चॉसरच्या पहिल्या अठरा ओळी

[पडद्यावर: हस्तलिखिताचं पहिलं पान. अक्षरांभोवती रंगीत वेलबुट्टी.]

मध्ययुगीन इंग्रजी कवी जेफ्री चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’ हे यात्रेकरूंच्या गोष्टींचं काव्य १३८७च्या सुमारास लिहायला घेतलं. १४०० साली तो वारला, तेव्हा ते अपुरंच होतं. नुसती प्रस्तावनाच ८५८ ओळींची आहे. ती अख्खी वाचायचा हट्ट नको. पहिल्या अठरा ओळी पुरेत. एका बैठकीत सहा.

ब्राउझरमध्ये तीन खिडक्या उघडा. पहिलीत हार्वर्ड विद्यापीठाचं चॉसरवरचं संकेतस्थळ, कारण तिथे मूळ ओळीखाली आजच्या इंग्रजीतला अर्थ असतो. दुसरीत मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश. तिसरीत हस्तलिखित. तिन्ही फुकट.

[पडद्यावर: दोन हस्तलिखितं शेजारी शेजारी.]

चॉसरच्या हातची प्रत उरलेली नाही. डावीकडची एल्समियर प्रत कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात आहे, नटवलेली, देखणी. उजवीकडची हेंगर्ट प्रत वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, डागाळलेली, उंदरांनी कुरतडलेली. पहिल्याच ओळीत फरक दिसतो. एल्समियरमध्ये महिन्याचं नाव ‘आप्रिल’, हेंगर्टमध्ये फ्रेंच वळणाचं ‘आवेरिल’. छापील पुस्तकात यातलं एकच निवडलेलं असतं. हेंगर्टमध्ये ते शोधताना ‘व’च्या जागी ‘यू’ हे अक्षर दिसेल. चूक नाही, शब्दाच्या मध्ये ‘व’ असाच लिहीत.

आता मोठ्याने वाचा. आजचे इंग्रजी उच्चार बाजूला ठेवा, लिहिलंय तसं म्हणा. ‘नाइट’ (सरदार) नाही, ‘क्निख़्त’. तो ‘ख़’ घशात घासून काढायचा. ‘र’ आपल्यासारखाच खणखणीत. फसगत होते ती ‘थ’पाशी: आपला ‘थ’ दाताला जीभ टेकवून फटकन सुटतो, तिथला दातांमधून हवा सोडत म्हणायचा.

[पडद्यावर, अक्षरशः: द द्रोख़्त ऑफ मार्च हाथ पेर्सेद तो द रोते]

ही दुसरी ओळ: पावसाच्या सरींनी मार्चचा कोरडेपणा मुळापर्यंत भेदला. बोटांवर मोजा, दहा अवयव (उच्चाराचे तुकडे), आणि शेवटचा ‘ते’ वर लोंबणारा. ‘द्रोख़्ते’ शब्दातला शेवटचा ‘ए’ मात्र गळला, कारण पुढे ‘ऑफ’चा स्वर आला. शब्दाच्या शेवटचा ‘ए’ एरवी उच्चारायचा. पुढे स्वर किंवा दुबळा ‘ह’ आला की सहसा गिळायचा. हा एक नियम चुकला तर लय लंगडते आणि दोष चॉसरच्या माथी जातो.

अठराही ओळी मिळून वाक्य एकच. इंग्रजी वाचक इथे धापा टाकतो. मराठी वाचकाला ही रचना घरची आहे. पहिल्या ओळीत ‘जेव्हा’, पाचव्या ओळीत पुन्हा ‘जेव्हा’, आणि ‘तेव्हा’ उगवतं थेट बाराव्या ओळीत: तेव्हा लोकांना तीर्थयात्रेची ओढ लागते. हे तीन शब्द आधी पेन्सिलीने गोल करा.

[पडद्यावर: कोशातली नोंद.]

अनोळखी शब्द आपण शोधतोच. दगा देतात ते ओळखीचे. ‘व्हर्च्यू’ म्हणजे इथे सद्गुण नव्हे, अंगची शक्ती. ‘लिकर’ हा नुसता द्रव. ‘करेज’ म्हणजे हृदय, आणि ‘हिर’ म्हणजे ‘त्यांचं’. कोशात नेमकं स्पेलिंग सापडेना, तर शंकास्पद अक्षराच्या जागी तारांकन टाका. उदाहरणाशेजारी दोन सालं दिसली, तर कंसातलं रचनेचं, बाहेरचं हस्तलिखिताचं. दोन्हींत कधी कधी अर्धं शतक जातं.

सातव्या-आठव्या ओळींत सूर्याची मेष राशीतली धाव येते. आपण लगेच १४ एप्रिलची संक्रांत धरतो, आणि चुकतो. ही सायन मेष, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली. तेव्हाच्या ज्युलियन दिनदर्शिकेत सूर्य १२ मार्चला मेषेत शिरे आणि एप्रिलच्या ११ तारखेच्या आसपास बाहेर पडे. म्हणजे मेषेतली उत्तरार्धाची धाव आटपली आहे, एप्रिलचा मध्य जवळ आला आहे.

इतर कवितांसाठी रॉचेस्टर विद्यापीठाची ‘टीम्स’ मालिका आहे, समासात शब्दार्थ देणारी. जुन्या छापील आवृत्त्यांचे स्कॅन जपून वापरा: यंत्राने ओळखलेल्या मजकुरात ‘थॉर्न’ या जुन्या अक्षराचा ‘पी’ होतो, ‘योख’चा आकडा तीन. शोध घेतला की काहीच सापडत नाही.

[पडद्यावर: सतराव्या आणि अठराव्या ओळीवर संथ सरकणारा कॅमेरा.]

शेवटी दोन ओळी. यात्रेकरू कँटरबरीला, ११७० साली तिथल्याच कॅथेड्रलमध्ये मारल्या गेलेल्या आर्चबिशप टॉमस बेकेटच्या समाधीकडे निघाले आहेत. सतराव्या ओळीच्या शेवटी ‘सेके’, म्हणजे शोधणं. अठराव्याच्या शेवटीही ‘सेके’, म्हणजे आजारी. आजच्या उच्चारात ‘सीक’ आणि ‘सिक’ जुळत नाहीत. चॉसरच्या कानाला ते चोख यमक होतं.