वॉटर बाथ ४० दाखवतो, तुमची नळी नाही

नमस्कार. बोलायला सुरुवात करण्याआधी या तीन परीक्षानळ्या वॉटर बाथमध्ये, म्हणजे एकाच तापमानाला राखलेल्या पाण्याच्या भांड्यात, ठेवून घेते, त्यांना वेळ लागणार आहे. पहिलीत ५ मिलिलिटर स्टार्चचं द्रावण, एक टक्का. दुसरीत ५ मिलिलिटर अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारं विकर (एन्झाइम). तिसरीत नुसतं पाणी, तेही ५ मिलिलिटरच, आणि त्यात तापमापी. बाथ ४० अंशांवर, खोली २४ अंशांवर. हं, घड्याळ लावलं.

तापमानाने विकराचा वेग कसा बदलतो, यावरचा मागचा व्हिडिओ आल्यापासून खाली एकच तक्रार येतेय, शब्द तेवढे निराळे. "आमचा आलेख पुस्तकासारखा येत नाही." "३७ ला सगळ्यात जोरात व्हायला हवं, आमचं ५० ला होतंय." "पुन्हा केला, पुन्हा तेच आलं." मी सगळ्यांना उलट एकच विचारलं: स्टार्च आणि विकर मिसळण्याआधी दोन्ही वेगवेगळी त्या तापमानाला आणली होती का? बहुतेकांचं उत्तर आलं, "नाही, स्टार्च बाथमध्ये होतं, विकर टेबलावरून घेऊन ओतलं."

घोळ इथेच आहे. आज मी याच एका गोष्टीवर बोलणार आहे.

प्रयोग तुम्हाला माहीत आहे, भरभर सांगते. अमायलेज स्टार्च तोडतं, त्याची माल्टोज नावाची साखर होते. स्टार्च असेपर्यंत आयोडिन निळं-काळं होतं, स्टार्च संपलं की पिवळसर तपकिरीच राहतं. खळग्यांच्या पांढऱ्या टाइलवर आयोडिनचे थेंब मांडायचे, दर ३० सेकंदांनी नळीतला एक थेंब त्यात टाकायचा, निळा यायचा थांबला की वेळ लिहायची. वेगवेगळ्या तापमानांना हेच करायचं. अमायलेजसाठी लाळ वापरत असाल तर फक्त स्वतःची, दुसऱ्याच्या नळीला हात लावायचा नाही. झालं.

आता हिशेब बघा. ५ मिलिलिटर स्टार्च ४० अंशांवर आहे. त्यात टेबलावरचं ५ मिलिलिटर विकर ओतलं, ते २४ अंशांवर. मिश्रण किती अंशांवर? ४० अधिक २४, भागिले २. ३२. तुम्ही वहीत ४० लिहिलंत आणि प्रयोग ३२ ला सुरू झाला. ६० चा बाथ असेल तर मिश्रण ४२ ला. १० चा असेल तर १७ ला. म्हणजे सगळा आलेख खोलीच्या तापमानाकडे ओढला जातो, आणि तुम्हाला कळतही नाही, कारण बाथमधली तापमापी बरोबर ४० दाखवत उभी असते.

[बाथमधली तिसरी नळी उचलून दाखवते] बघा, दीड मिनिट झालंय. बाथ ४०. नळीतलं पाणी ३४. परत ठेवते.

इथे मला माझ्या शाळेच्या वेळची गोष्ट सांगायची आहे. माझाही आलेख ५० ला टोक दाखवत होता. प्रयोग नीट केला होता, वेळा नीट लिहिल्या होत्या. शेजारच्या बाकावर सगळ्यांचं ३७ आलेलं दिसलं आणि मी रबर घेऊन टोक ३७ वर सरकवलं. पूर्ण गुण मिळाले. कित्येक वर्षांनी, मी स्वतः शिकवायला लागल्यावर, ती वही हातात आली. खोलीचं तापमान कोपऱ्यात लिहिलेलं होतं: २४. ५० अधिक २४, भागिले २. ३७. माझं निरीक्षण बरोबर होतं. मी खोडलं ते मी खरंच पाहिलं होतं, आणि लिहिलं ते मोजलेलंच नव्हतं. ही गोष्ट मला अजून लागून राहिली आहे. म्हणून सांगते, आलेख पुस्तकासारखा आला नाही तर खोडू नका. नळीत नेमकं काय झालं ते शोधा.

कुणीतरी म्हणेल, मिसळल्यावर नळी बाथमध्येच असते ना, होईल हळूहळू ४०. होईल, पण दोन-तीन मिनिटं जातात, आणि प्रयोग जिथे सगळ्यात जलद होतो तिथे स्टार्च तेवढ्यात संपूनही जातं. जी नळी सगळ्यात वेगवान, तिचंच तापमान सगळ्यात चुकीचं लिहिलं जातं. आलेखाचं टोक ज्या बिंदूवर ठरतं, नेमका तोच बिंदू बिघडतो.

एका मुलीने फार चांगला प्रश्न विचारला होता. "ताई, विकर ६० अंशांवर पाच मिनिटं नुसतं ठेवलं तर ते मिसळण्याआधीच बिघडणार नाही का?" बिघडेल. काही प्रमाणात नक्की बिघडेल. म्हणून प्रत्येक तापमानाला थांबायचा वेळ सारखाच ठेवायचा, समजा पाच मिनिटं, आणि तो वहीत लिहायचा. विकर किती तापमानाला उत्तम चालतं हे तुम्ही त्याला किती वेळ तिथे ठेवलं यावरही अवलंबून असतं. हे शाळेच्या पुस्तकात क्वचितच येतं, पण त्या मुलीच्या डोक्यात आपसूक आलं.

आणि "६० ला विकर मेलं" असं लिहू नका, कृपा करून. विकर हे प्रथिन आहे, ते जिवंत नव्हतंच. उष्णतेने त्याची घडी उलगडते, जिथे स्टार्च बसायचं ती जागा बिघडते. बर्फातल्या नळीत तसं काहीच होत नाही, तिथे विकर फक्त मंद असतं. खात्री करून घ्यायची तर बर्फातली नळी ३७ च्या बाथमध्ये ठेवा. थोड्या वेळाने स्टार्च संपेल. उकळलेली नळी ३७ ला आणा, काही होणार नाही. एका ओळीचा उद्योग आहे, पण कुणी करत नाही.

[तापमापी] साडेतीन मिनिटं. ३८ च्या थोडं वर. अजून नाही.

आता उष्णता घटण्याचा प्रयोग. बरेच जण विचारतात की हा जीवशास्त्रात कशाला, हे तर भौतिकशास्त्र. मला हे दोन प्रयोग लागोपाठ करायला आवडतात, कारण दुसरा पहिल्याची चूक समजावतो.

लहान शंकुपात्र आणि मोठं शंकुपात्र, दोन्हीत गरम पाणी, लहान लवकर निवतं. कारण पृष्ठफळ आणि घनफळाचं गुणोत्तर. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाला ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठफळ आणि १ घन सेंटिमीटर घनफळ; २ सेंटिमीटरच्या घनाला २४ आणि ८. सहास एक, तीनास एक. म्हणून चिचुंदरीला सारखं खात राहावं लागतं आणि हत्तीला अंगातली उष्णता बाहेर टाकायला मोठे कान कामी येतात. इथपर्यंत सगळ्यांना येतं.

पण करताना दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, झाकण नसतं. उघड्या पाण्याची बरीच उष्णता वाफेवाटे वरून जाते, आणि बाजूला कापूस गुंडाळला की नाही यातला फरक त्यात बुडून जातो. झाकण लावा, तापमापीपुरतं भोक ठेवा. दोन, घड्याळ ओतल्याबरोबर सुरू करतात. थंड काच आधी उष्णता ओढून घेते, लहान पात्रात जास्त जाणवते. दोन्ही पात्रं ६५ ला येऊ द्या, ज्याचं ६५ होईल त्याचं घड्याळ तिथून. पेंग्विन ऊब टिकवायला घोळका करतात, त्याचा प्रयोग करायचा असेल तर एका नळीभोवती सहा नळ्या दोऱ्याने बांधा आणि मधली व बाहेरची, दोन्ही मोजा. फार छान दिसतो.

आता हे घेऊन पुन्हा विकरांकडे या. तुमच्याकडे वीजेवरचा वॉटर बाथ नसेल, चंचुपात्रात गरम पाणी घेतलं असेल, तर ते चंचुपात्र स्वतःच निवतंय. न्यूटनने १७०१ मध्ये निवण्याबद्दल लिहिलं त्याचा गाभा असा, की वस्तू आणि भोवताल यांच्या तापमानात जितका फरक, तितका निवण्याचा वेग जास्त. २४ च्या खोलीत ३० अंशांच्या पाण्याचा फरक ६, ६० अंशांच्या पाण्याचा ३६. सहापट. म्हणजे गरम बाजूचे बिंदू थंड बाजूच्या बिंदूंपेक्षा खूप जास्त घसरतात. म्हणून नळीच्या आतलं तापमान सुरुवातीला आणि शेवटी, दोनदा लिहा. बाथचं नाही. नळीचं.

अजून दोन प्रश्न. "आम्ही आयोडिन थेट गरम नळीतच टाकलं, ८० अंशांवर निळा रंग आलाच नाही, म्हणजे विकर ८० ला चाललं?" नाही. स्टार्च आणि आयोडिनचा निळा रंग तापवल्यावर उडतो आणि गार झाल्यावर परत येतो. थेंब टाइलवर काढून गार होऊ द्या, मग बघा.

दुसरा: "आमच्या प्रयोगशाळेतल्या भुकटीला ३७ पेक्षा ७० च आवडतं." तर ते लाळेतलं अमायलेज नसेल. जिवाणूंपासून मिळवलेली काही अमायलेज ९० अंशांच्या आसपासही काम करतात. बाटलीवरचं लेबल वाचा. ३७ हा आपल्या शरीराचा आकडा आहे, सगळ्या विकरांचा नाही. १८३३ मध्ये पायां आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी पहिलं विकर मिळवलं, तेही स्टार्च तोडणारंच, पण अंकुरलेल्या धान्यातलं. धान्याला कुठलं आलंय ३७?

[तापमापी कॅमेऱ्याजवळ आणते] आता बघा. बाथ ४०, नळी ४०. तुम्ही व्हिडिओ बघत होतात तेवढा वेळ लागला. आता ओतते, विकर स्टार्चमध्ये, नळी बाथमधून बाहेर न काढता. घड्याळ पुन्हा शून्यावर. ३० सेकंद, पहिला थेंब: निळा-काळा. एक मिनिट: अजून निळा. दीड: जांभळट. दोन मिनिटं: तपकिरी. अडीच: आयोडिनचाच रंग.

वहीत लिहिते. नळीतलं तापमान ४०, थांबण्याचा वेळ आठ मिनिटं, स्टार्च संपलं अडीच मिनिटांत. पुढची जोडी ५० ला ठेवते, तिलाही आठच मिनिटं.