केळीच्या बांधावर एपीआयची पारख

[दृश्य: रावेर तालुका. घड निसवलेली बाग, कडेला शेवरीची रांग.]

घड लागलेल्या केळीला वारा झेपत नाही. मे-जूनच्या वादळात वजनाने वाकलेलं झाड मधूनच मोडतं. म्हणून बागेभोवती शेवरी, आणि म्हणूनच आता मोबाइलवर उद्याच्या वाऱ्याचा आकडा.

[दृश्य: जळगाव. वसतिगृहाची खोली, लॅपटॉपचा पडदा.]

हा आकडा फुकट एपीआयमधून येतो, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे माहिती मागायच्या खिडकीतून. गावाचे अक्षांश-रेखांश पाठवायचे, हवामान परत येतं. ही मुलं तीन सेवा शेजारी-शेजारी लावून बघतायत.

ओपन-मेटिओला नोंदणी लागत नाही, ओळख पटवणारी चावी, म्हणजे ‘की’, तीही लागत नाही. वेबपत्त्यात 21.24 आणि 76.03 लिहिलं, की रावेरचा तासातासाचा अंदाज समोर. व्यापारी वापर नसेल तर दिवसाला 10,000 विनंत्यांपर्यंत पैसे नाहीत. वारा थेट ताशी किलोमीटरमध्ये. पण या ओळीकडे बघा, वेळ ग्रिनिचची आहे. टाइमझोन सांगायचा राहिला, तर दुपारी चारचं वादळ पडद्यावर सकाळी साडेदहाला दिसतं.

ओपनवेदरमॅपसाठी खातं उघडावं लागतं. मिळालेली ‘की’ सुरू होईपर्यंत उत्तर एकच: 401, म्हणजे परवानगी नाही. पुढे फुकटात मिनिटाला 60 विनंत्या.

[दृश्य: बांधावर मोबाइल बघणारे वयस्क शेतकरी.]

“भाऊ, बाराच का वारा? मग काय भ्यायचं?”
“आबा, ते सेकंदाला बारा मीटर आहे. ताशी त्रेचाळीस किलोमीटर.”

मेट्रिक एकक मागूनही ओपनवेदरमॅप वारा सेकंदाला मीटरमध्येच देतं. गुणाकार करून दाखवणं हे मुलांचं काम, आबांचं नव्हे.

नासाची ‘पॉवर’ ही तिसरी सेवा अंदाज सांगत नाही, 1981 पासूनचं रोजचं हवामान देते, तेही ‘की’शिवाय. थंडीत पोंगा, म्हणजे झाडाचा कोवळा शेंडा, का अडकला, हे शोधायला फार मोलाची. नोंद नसेल तिथे मात्र -999 येतं. ते न गाळता सरासरी काढली, तर जळगावात अंटार्क्टिकाहून जास्त थंडी निघेल.

[दृश्य: पडद्यावर रिकामी यादी.]

बाजारभावाची एक सेवा तर कधी रिकामी यादी पाठवते आणि सोबत 200, म्हणजे सगळं ठीक. यापेक्षा 401 बरा, तो निदान नाही म्हणून सांगतो. म्हणून मुलं शेवटचं चांगलं उत्तर जपून ठेवतात आणि ते किती वाजताचं, हे ठळक अक्षरात दाखवतात.

अंदाज बघून काही बागांत घडांना बांबूचा आधार वेळेत लागला.

पुढे यावल, चोपडा, शहादा. तिथे पोचायला यांना पैसे नकोत, प्रत्येक गावाचे दोन आकडे हवेत.