हाताला आठवलेलं गाणं

नमस्कार, श्रोतेहो.

यंदा चैत्रात मी पापड लाटायला बसले. उडदाचे. घरी पापड करणं सुटून तीस वर्षं तरी झाली होती. पण शेजारच्या चौघीजणी म्हणाल्या, एकदा करूयाच, आणि योग आला. तेलाचा हात लावून पीठ कुटून झालं, दोऱ्याने लाट्या कापल्या, पहिला पापड लाटला, दुसरा लाटला. तिसऱ्याला हात बसला, लाटणं आपसूक फिरायला लागलं, आणि माझ्या तोंडून एक गाणं यायला लागलं.

जुनं भावगीत होतं. पन्नास वर्षांत ते एकदाही मनात आलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर असं गाणं मला ठाऊकच नाही, असं मी शपथेवर सांगितलं असतं. पण ध्रुपद आलं, पहिलं कडवं आलं, दुसरंही सुरू झालं. त्या दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीत एक शब्द नव्हता. चाल होती, शब्द नव्हता. पुढची ओळ पुन्हा जशीच्या तशी.

ती रिकामी जागा मी लगेच ओळखली. ती माझ्या वहीतली होती.

१९७३ साली मी कराडला नववीत होते. रेडिओ फडताळावर असायचा, त्यावर आईने विणलेला रुमाल. दर वर्षी पोस्टात जाऊन त्याच्या लायसन्सचे पैसे भरावे लागत, त्यामुळे त्याचा घरात मानही तसाच होता. आमच्याकडे सांगली केंद्र लागायचं. उन्हाळ्याच्या दुपारी आई, काकू, वाड्यातल्या बायका माजघरात पापड लाटत, आणि मी व माझी मैत्रीण मांडीवर वह्या घेऊन रेडिओखाली बसायचो. गाण्याचे शब्द मिळवायचा आमच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. आई सांगायची, १९५५ साली पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं तेव्हा लोक रेडिओला हार घालत, आणि गाण्याचे शब्द वर्तमानपत्रात छापून येत. आमच्या भावगीतांना कोण छापणार? गाणं तीन-चार मिनिटांत संपायचं आणि पुन्हा कधी लागेल याचा नेम नसायचा. म्हणून आम्ही ओळी वाटून घेतल्या होत्या. पहिली, तिसरी, पाचवी तिची. दुसरी, चौथी, सहावी माझी. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवून गाणं जोडायचं. एखादा शब्द कानातून निसटला, तर तेवढी जागा कोरी सोडून खाली पेन्सिलने रेघ मारायची आणि ते गाणं पुन्हा लागायची वाट बघायची. कधी दोन दिवस, कधी दोन महिने. त्या गाण्याची रेघ तशीच राहिली.

नवल मला या गोष्टीचं वाटतं की स्मरणाने शब्दांबरोबर ती कोरी जागासुद्धा सांभाळली.

आपल्याकडे म्हणतात, जात्यावर बसलं की ओवी सुचते. ही म्हण मी शाळेत निबंधात कितीदा लिहिली असेन, पण तिचा शब्दशः अर्थ यंदा कळला. पुण्यात गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या दोघांनी जात्यावरच्या ओव्या जमवण्यात वर्षानुवर्षं घातली. हजारावर गावं, आणि एक लाखाहून जास्त ओव्या. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि दळताना गायचं कारणच उरलं नाही. जिने जन्मभर दळलं त्या बाईला नुसतं ‘ओव्या सांगा’ म्हणून पाहा. दोन सांगेल आणि म्हणेल, आता काही आठवत नाही बाई. तिला जात्याशी बसवा, खुंटा हातात द्या, मूठभर जोंधळे आत पडू द्या. घरघर सुरू झाली की एकीला धरून दुसरी ओवी येते. आईची, भावाची, माहेरच्या वाटेची. मला वाटतं, ओव्या तिच्या डोक्यात जेवढ्या असतात, त्याहून जास्त तिच्या दंडात असतात.

माझी आत्या ८४ वर्षांची आहे. नातवंडांची नावं तिला आता आठवत नाहीत, माझंही कधी आठवतं, कधी नाही. गेल्या आश्विनात आमच्याकडे मुलींनी हादगा मांडला. पुण्याकडे भोंडला म्हणतात, आम्ही हादगा म्हणतो. पाटावर हत्ती काढला, भोवती फेर धरला. आत्या खुर्चीत बसून नुसती बघत होती. ‘आत्या, गाणं म्हण ना’ असं चार वेळा म्हणून झालं, ती फक्त हसली. मग दोघी मुलींनी तिचे दोन्ही हात धरले आणि तिला हळूहळू फेरात घेतलं. पहिला फेरा ती पाय सांभाळत चालली. दुसऱ्या फेऱ्याला तिच्या तोंडून ‘ऐलमा पैलमा’ सुरू झालं, आणि ते संपल्यावर तिने असं एक गाणं धरलं की जे आमच्यात कुणालाच येत नव्हतं. सासरचं, खास तिच्या गावचं असावं. सहा-सात ओळी अगदी स्वच्छ. मग ती दमली, आम्ही तिला खुर्चीत बसवलं आणि गाणं तिथेच थांबलं. पुढचं काही केल्या येईना. श्रोतेहो, तुमच्या घरी असं कुणी असेल तर त्यांना नुसतं ‘म्हणा’ म्हणू नका. हात धरून उभं करा, सुपात तांदूळ द्या निवडायला, पाळण्याची दोरी द्या हातात.

कॅनडात माँट्रियलला वाइल्डर पेनफील्ड नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. फेफऱ्याच्या रुग्णांवर ते शस्त्रक्रिया करत तेव्हा रुग्ण जागा असे, बोलत असे. कानशिलाकडच्या भागाला विजेचा हलका स्पर्श केला की काही थोड्या रुग्णांना गाणं ऐकू येई, तेही इतकं स्पष्ट की खोलीत कुणी ग्रामोफोन लावलाय असं वाटावं. १९६३ साली त्यांनी हे सविस्तर प्रसिद्ध केलं. ती खरीच आठवण की मेंदूने रचलेलं स्वप्न, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. आणखी एक गोष्ट मानसशास्त्रज्ञांना पुन्हा पुन्हा दिसली आहे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना जुन्या आठवणी सांगायला लावल्या की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी फार दाटीने येतात. गाण्यांचंही तसंच. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. त्या वयात आपण गाणं नुसतं ऐकत नाही, त्याच्यासाठी रेडिओखाली वही घेऊन बसतो.

आणि गाण्यातले शब्द सुटे नसतातच. चाल, ताल, यमक यांनी ते एकमेकांना धरून असतात. मधलीच ओळ कुणी विचारली तर सांगता येत नाही, ध्रुपदापासून यावं लागतं, जसं सतरा सक किती म्हटल्यावर मनात सतरा एकेपासून पाढा सुरू होतो.

पापड वाळत घातले आणि त्याच संध्याकाळी मैत्रिणीला फोन लावला. ती आता नागपूरला असते. गाण्याचं नावही सांगितलं नाही, चाल तेवढी गुणगुणले. पलीकडे थोडा वेळ शांतता, आणि मग तिचा आवाज माझ्या आवाजात मिसळला. तिसरी ओळ आली, आम्ही दोघीही थांबलो.

‘‘ती ओळ माझी होती गं,’’ ती म्हणाली. ‘‘नेमका तिथेच रेडिओ खरखरला होता. ती खरखर मला अजून ऐकू येते.’’

तिच्या नातीने मिनिटभरात फोनवर ते गाणं शोधून लावलं. आम्ही कान देऊन ऐकलं. शब्द अगदी साधा निघाला, रोजच्या बोलण्यातला. ‘‘हाच होता होय?’’ एवढंच ती म्हणाली.

मग आम्ही गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. शब्द आता दोघींना ठाऊक होता. तरी तिसऱ्या ओळीत त्या जागी आल्यावर दोघीही क्षणभर गप्प झालो, आणि चौथ्या ओळीला एकदम सुरू झालो.

नमस्कार.