बरे होण्याचा अपेक्षित दिनांक

‘दीर्घ आजारासह जगण्याचा सामाजिक इतिहास’ असा भारदस्त विषय पत्रिकेवर छापलाय. तो मीच दिला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. त्याच्याकडे येतोच, पण आधी एका रकान्याबद्दल बोलू द्या.

मधुमेह मला नवव्या वर्षापासून. आम्ही दोघं बरोबरच मोठे झालो म्हणा ना. नोकरीला लागलो तेव्हा दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी अर्ध्या दिवसाची रजा लागायची आणि तिचा एक छापील अर्ज होता. आजाराचे नाव? लिहिलं. कधीपासून? लिहिलं. पुढचा रकाना होता ‘बरे होण्याचा अपेक्षित दिनांक’. मी तिथे आडवी रेघ मारली. अर्ज परत आला. ‘लागू नाही’ लिहिलं, तरी परत. शेवटी टेबलापाशी जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, “साहेब, हा बरा होत नसतो.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “मग कामावर कसे आलात?”

“ठणठणीत आहे म्हणून आलो.”

“ठणठणीत आहात, तर रजा कशाला?”

हसताय तुम्ही, पण त्या गृहस्थांचं चुकलं काय? त्यांच्या कपाटात दोनच खण होते, एक आजारी माणसांचा आणि एक धडधाकटांचा. मी दोन्हींत मावत नव्हतो. अखेर मी पुढल्या महिन्यातली एक तारीख ठोकून दिली. अर्ज त्याच दिवशी मंजूर! तेव्हापासून मी दर तिमाहीला रीतसर बरा होत गेलो. 32 वर्षांत 128 वेळा. इतकी खात्रीची प्रकृती या सभागृहात दुसऱ्या कुणाची नसेल.

ऑफिसला तरी नावं कशाला ठेवायची? घरात काय वेगळं होतं? तेव्हा बोटाला टोचून साखर बघायचं यंत्र घरोघरी नव्हतं. बेनेडिक्टचं निळं द्रावण काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी उकळायची. रंग निळाच राहिला तर साखर नाही. नाहीतर हिरवा, पिवळा, नारिंगी आणि सगळ्यात वाईट म्हणजे विटकरी. आई नळी उजेडात धरायची. मी नळीकडे बघतच नसे, आईच्या चेहऱ्यावर रंग कळायचा. विटकरी निघाला की पहिला प्रश्न, “काय खाल्लंस?” आणि गंमत म्हणजे कधीकधी मी खरंच काही खाल्लेलं नसायचं. पण नळीपुढे साक्ष कोण देणार? शेजारच्या पातेल्यात काचेची सिरिंज उकळत असायची. या घरकामाची नोंद वैद्यकाच्या इतिहासात फारशी सापडत नाही आणि माझा मुद्दा खरं तर...

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय. सात मिनिटं. बरं.

तर इतिहास, धावत. संधिवात, क्षय ही जुनीच दुखणी. पण 1922 च्या जानेवारीत टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं. पहिलं इंजेक्शन फसलं, शुद्ध करून दिलेलं पुढचं लागू पडलं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस मिळवायचे, एवढंच हातात होतं. थॉम्पसन पुढे 13 वर्षं जगला. मरण पुढे गेलं, आजार तिथेच राहिला. जन्मभराचा रुग्ण हा बऱ्याच अंशी औषधाच्या यशातून निपजलाय.

समाजानं मात्र कपाट बदललं नाही. 1951 मध्ये टॅल्कट पार्सन्स या समाजशास्त्रज्ञानं आपल्या पुस्तकात आजारी माणसाची ‘भूमिका’ मांडली. त्याला कामातून सूट आणि आजाराचा दोषही त्याच्यावर नाही, पण त्यानं बरं व्हायची इच्छा धरायची आणि डॉक्टरांचं ऐकायचं. माझा अर्ज त्याच पुस्तकातून छापला असावा. माझ्या वाट्याला सूट आली नाही, दोष तेवढा आला.

सिएटलचं तर सांगायलाच हवं. 1960 मध्ये तिथल्या डॉ. स्क्रिब्नर यांनी रुग्णाच्या रक्तवाहिन्यांना जोडूनच ठेवायची एक नळी काढली, तिच्यामुळे डायलिसिस, म्हणजे मूत्रपिंडं निकामी झाल्यावर यंत्रानं रक्त शुद्ध करणं, पुन्हा पुन्हा करता येऊ लागलं. यंत्रं मोजकी आणि रुग्ण फार, म्हणून यंत्र कुणाला द्यायचं हे सात जणांची समिती ठरवू लागली. त्यात वकील, धर्मगुरू, बँकवाले, गृहिणी होत्या आणि डॉक्टर एकच. उत्पन्न किती, मुलं किती, चर्चमध्ये जातो का, हेही बघितलं जाई. आईच्या ‘काय खाल्लंस?’चीच ही सरकारी थाटाची आवृत्ती. 1972 मध्ये अमेरिकेत कायदा झाला, बहुतेकांचा खर्च सरकारनं उचलला, तेव्हा ही निवड मागे पडली.

रुग्णांनी आपली बाजू स्वतः मांडली, तो भाग आज राहणार. एवढंच सांगतो की 1983 मध्ये डेन्व्हरला जमलेले एड्सचे रुग्ण म्हणाले, आम्हाला बळी म्हणू नका, आणि रुग्ण तर आम्ही अधूनमधूनच असतो. हे ‘अधूनमधून’ मला आधी सुचलं असतं तर त्या रकान्यात तेच लिहिलं असतं.

हो, थांबतो. शेवटच्या अर्जात मी निवृत्तीची तारीख टाकली. तीही मंजूर झाली.